एजंट बदलताना : आधी हिशेब, मग निरोप

दुकानाची कमाई जागेत गुंतवावी आणि तिच्या भाड्यावर उतारवय निश्चिंत करावे, ही कोल्हापूरच्या व्यापारी घराण्यांची जुनी रीत आहे. राजारामपुरीत गाळा, ताराबाई पार्कात सदनिका, शिवाजी विद्यापीठाच्या बाजूस विद्यार्थ्यांसाठी दोन खोल्या, असे हे उत्पन्न असते. मुले पुण्या-बंगळुरास स्थायिक झाली की भाडेकरू शोधणे, करार करणे, भाडे गोळा करणे ही कामे एजंटाकडे जातात. पुढे भाडे उशिरा पोचू लागते, दुरुस्तीच्या पावत्या मिळत नाहीत. तरी मालक गप्प राहतो. कारण एजंट दुखावला तर भाडेकरू जाईल आणि अनामत अडकेल, अशी त्याला भीती वाटते.

ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार मालक आणि भाडेकरू यांच्यात असतो. मध्यस्थाने सही केली असली तरी ती मालकाच्या वतीने असते. म्हणून एजंट बदलला तरी चालू करार ठरलेल्या मुदतीपर्यंत तसाच राहतो. मात्र तो नोंदलेला आहे ना, हे आधी पाहावे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

एजंटाचे मालकाशी असलेले नाते भारतीय करार अधिनियम, १८७२ ने बांधलेले आहे. मागणी होताच हिशेब देणे हे एजंटाचे कर्तव्य आहे (कलम २१३). मालकाच्या नावाने घेतलेली रक्कम, आपले वाजवी येणे वजा करून, त्याने मालकास दिली पाहिजे (कलम २१८). पण मालकावरही बंधने आहेत. नेमणूक ठरावीक मुदतीची असेल आणि पुरेशा कारणाशिवाय ती आधीच मोडली, तर भरपाई द्यावी लागते (कलम २०५). वाजवी पूर्वसूचनाही द्यावी लागते (कलम २०६). शिवाय, उलट करार नसेल तर, दलाली थकली असताना एजंट ताब्यातील कागदपत्रे अडवून ठेवू शकतो (कलम २२१). म्हणून क्रम असा असावा : नेमणुकीचा कागद वाचावा, खातेउतारा मागावा, कबूल दलाली चुकती करावी, मूळ करार, किल्ल्या व वीजबिले यादी करून पोचपावतीवर ताब्यात घ्यावीत आणि मगच निरोप द्यावा. अडत्या बदलताना जाणता व्यापारी हेच करतो.

सर्वांत मोठा धोका निरोपानंतर असतो. कलम २०८ खाली कायद्यानेच एक उदाहरण दिले आहे. मद्रासचा मालक पत्राने एजंटास मुंबईच्या वखारीतील कापूस विकण्याचा अधिकार देतो आणि दुसऱ्या पत्राने तो काढून घेतो. हे दुसरे पत्र हाती पडल्यावरही एजंट कापूस विकतो आणि पैसे घेऊन पसार होतो. खरेदीदारास पहिले पत्र ठाऊक असते, दुसरे नसते. त्याने दिलेले पैसे मालकास पोचले असेच धरले जाते. कापसाच्या जागी भाडे ठेवले की अर्थ उघड होतो. अधिकार संपल्याचे भाडेकरूस कळविले नाही आणि त्याने जुन्याच एजंटाच्या हाती भाडे ठेवले, तर नुकसान मालकाचे. त्यामुळे एजंटाइतकीच लेखी सूचना भाडेकरूसही द्यावी, तीत भाड्याचे नवे बँक खाते लिहावे आणि सूचना पोचल्याची सही घ्यावी. कुलमुखत्यारपत्र नोंदविलेले असेल तर ते रद्द केल्याचा दस्तही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा.

अनामत रक्कम एजंटाकडे असेल तर तीही मालकाच्याच खात्यात घ्यावी. एका एजंटाकडून थेट दुसऱ्याकडे जाऊ देऊ नये. करार संपताच भाडेकरू ती मालकाकडेच मागणार आहे.

आणखी एक बाब घरातील स्त्रियांना ठाऊक हवी. अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूने एजंटाचा अधिकार संपतो (कलम २०१). पतीने दिलेल्या कुलमुखत्यारपत्रावर त्यांच्या पश्चात जुना एजंट नवे करार करू शकत नाही. सर्व वारसांनी मिळून नवा अधिकार द्यावा लागतो. तो कोणाला द्यायचा, हे ठरविण्यास त्या मोकळ्या असतात.

नव्या एजंटाशी पहिल्याच दिवशी लेखी ठरवावे : दलाली किती, करार वाढविल्यास पुन्हा द्यायची का, दुरुस्तीच्या खर्चाची मर्यादा काय, किती दिवस आधी सूचना देऊन वेगळे व्हायचे. एजंटाचा 'महारेरा' क्रमांक पाहून निर्धास्त होऊ नये. ती नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतील खरेदी-विक्रीसाठी आहे, भाड्याच्या कामाची हमी नव्हे. भाडे थेट मालकाच्या खात्यात जमा व्हावे आणि एजंटास दलाली वेगळी द्यावी. एवढी एक शिस्त पाळली, तर पुढे एजंट बदलण्याची वेळ आली तरी भाड्याची साखळी तुटणार नाही.