हेल्मेटवर लाइट लावायचाय? आधी हे ऐका

आजचा प्रश्न एकदम साधा. रात्री सायकल चालवताना लाइट हँडलवर लावायचा की हेल्मेटवर? उत्तर: दोन्हीकडे, पण पहिला हँडलवरच.

का ते सांगतो. हँडलचा लाइट डोळ्यांच्या बराच खाली असतो, त्यामुळे खड्ड्यात पडलेली सावली आपल्याला दिसते आणि खड्डा कळतो. हेल्मेटचा लाइट डोळ्यांच्या अगदी जवळ. त्याच्या उजेडात सावली दिसतच नाही, रस्ता सपाट वाटतो!

मग तो लावायचाच कशाला? कारण मान वळवली की उजेडही वळतो. कात्रजच्या जुन्या घाटात वळणाआधी हँडलचा उजेड सरळ कठड्यावर पडतो. वळणापलीकडचं बघायचं, तर हेल्मेटवरचाच लाइट कामाला येतो.

आता लावायचा कसा? हेल्मेटला भोक पाडू नका, ग्लूही नको. आतला फोम आपटल्याचा धक्का शोषतो. भोकाने तो कमजोर होतो, काही ग्लूने चक्क विरघळतो. हवेच्या फटींमधून वेल्क्रोचा पट्टा ओवा, बस्स. लाइट हलका घ्या. बॅटरी जड असेल तर ती खिशात ठेवा.

उजेड थोडा खाली पडू द्या आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघू नका, बिचाऱ्याला काही दिसणार नाही. धुक्यात हा लाइट बंदच करा, उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो.

निघण्याआधी एक टेस्ट करा. मान हलवली तर लाइट हलायला नको, पण हाताने जोरात ओढला तर निघायला हवा. पडलात, तर तो कुठे अडकून मान मुरगळायला नको ना!