जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागातील माळजमिनी व त्यांखालील चुनखडी : एक मृदाशास्त्रीय विवेचन

गोषवारा :
पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पूर्व भागात उथळ, भरड पोताच्या माळजमिनी आढळतात. त्यांच्या खाली अनेक ठिकाणी चुनखडीचा थर लागतो. हा थर चुनखडकाचा नसून बेसाल्ट खडकाच्या विदारणातून व अर्धशुष्क हवामानामुळे मातीतच तयार झालेला आहे. प्रस्तुत लेखात या थराची निर्मिती, त्याचे पिकांवरील परिणाम आणि माती परीक्षणाच्या प्रचलित पद्धतीत तो दुर्लक्षित राहण्याची कारणे यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : माळजमीन, चुनखडी, मुक्त चुना, सामू, बेसाल्ट, चोपण.

प्रस्तावना :
विहीर खोदताना अथवा फळबागेसाठी खड्डे घेताना ‘खाली चुनखडी लागली’ असे शेतकरी सहजपणे म्हणतात. या शब्दामुळे एक गैरसमज निर्माण होण्याची शक्यता असते. चुनखडक हा सागरतळाशी अथवा सरोवरात साचलेला स्तरित खडक होय. चुनखडी म्हणजे मातीत तयार झालेले चुन्याचे पांढुरके खडे व त्यांचे थर. उत्तर अमेरिकेतील काही गवताळ प्रदेशांत वाळूमिश्रित माती प्रत्यक्ष चुनखडकावर विसावलेली आहे. तेथे मातीतील चुना हा खालच्या खडकाचा वारसा असतो. जुन्नर-आंबेगावचा मूळ खडक मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट आहे. वरवर पाहता सारख्या भासणाऱ्या या दोन जमिनींच्या उत्पत्तीतील फरक जाणून घेतल्याशिवाय त्यांच्या व्यवस्थापनाचा विचार करता येत नाही.

अभ्यासक्षेत्र :
कुकडी, मीना व घोड या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांचे पाणी घोडमार्गे भीमेस मिळते. भीमाशंकर परिसरात वार्षिक पर्जन्यमान सुमारे ३००० मि.मी. असते. पूर्वेकडील आणे पठार, बेल्हे, लोणी, धामणी या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ते सुमारे ५०० ते ६०० मि.मी.पर्यंत उतरते. साठ-सत्तर किलोमीटरच्या आत खडक तोच राहतो, परंतु हवामान बदलते व त्याबरोबर मातीही बदलते.

पश्चिमेकडे अतिपर्जन्यामुळे चुना व इतर क्षार धुऊन जातात. तेथील माती तांबूस व आम्लधर्मी होते. तीव्र उतारावरील विदारित मातीचे जाड आवरण पाण्याने संपृक्त झाल्यास काय घडू शकते, हे ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण येथील दुर्घटनेने दाखवून दिले. त्या भूस्खलनात दीडशेहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. पूर्वेकडे याच्या नेमकी उलट परिस्थिती आहे. तेथे पाणी मातीतून पूर्णपणे पार होत नाही. ते अर्ध्या वाटेवर थांबते आणि आपल्याबरोबर आणलेला चुना तेथेच सोडते.

माळजमिनींचे स्वरूप :
या जमिनींची खोली बहुधा वीतभर ते हातभर असते. खाली मुरूम व त्याखाली कातळ असतो. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते व विरळ बाभूळ-बोर ही येथील नैसर्गिक वनस्पती होय. पोत भरड असल्याने पाणी लवकर मुरते व लवकर आटते.

येथील ‘वाळू’ विषयी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. गवताळ प्रदेशातील वालुकामय मातीत प्रामुख्याने क्वार्ट्झचे कण असतात. क्वार्ट्झचे सहसा विदारण होत नाही, म्हणून ती माती हजारो वर्षे वालुकामयच राहते. बेसाल्टमध्ये मूळ खनिज म्हणून क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. माळावरील भरड कण हे बेसाल्टचे तुकडे असून त्यांतील प्लॅजिओक्लेज व पायरोक्सिन या खनिजांचे विदारण होऊन चिकणमाती तयार होते. उतारावर ही चिकणमाती टिकत नाही. ती वाहून नदीखोऱ्यात जमा होते व तेथे खोल काळी जमीन बनते. माळाची भरड जमीन व खोऱ्यातील काळी जमीन या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था आहेत.

चुनखडीची निर्मिती :
प्लॅजिओक्लेज खनिजात कॅल्शियम असते. बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणाऱ्या झिओलाइट खनिजांपासूनही ते मिळते. मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे मातीतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते. तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते व त्याच्या क्रियेने कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने द्रावणात येते. पावसाळा संपल्यावर पाणी आटते, वायू निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट अवक्षेपित होते. प्रथम ते मुळांच्या पोकळ्यांत तंतूंप्रमाणे, पुढे खड्यांच्या रूपात व दीर्घकाळाने सलग थराच्या रूपात साठते.

पावसाचे पाणी जितके खोल जाते तितक्या खोलीवर हा थर तयार होतो. अमेरिकेतील गवताळ मैदानांच्या अभ्यासातून जेनी व लिओनार्ड यांनी १९३४ मध्ये पर्जन्यमान व चुन्याच्या थराची खोली यांतील हा संबंध मांडला. तोच नियम जुन्नर-आंबेगावचा पश्चिम-पूर्व छेद समजून घेण्यास उपयोगी पडतो.

या प्रक्रियेस लागणारा काळ मानवी कालमापनाच्या पलीकडचा आहे. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक येथील गाळाच्या थरांत ज्वालामुखीय राख सापडली असून तिचा संबंध सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी जोडला जातो. तिच्या वयाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. सुमारे ७५ हजार वर्षांपासून १४ लाख वर्षांपर्यंतची अनुमाने मांडली गेली आहेत. या खोऱ्यातील गाळाची व त्यातील चुनखडीची जडणघडण किती संथ आहे याची कल्पना यावरून येते.

पिकांवरील परिणाम :
चुनखडीयुक्त जमिनीचा सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ या दरम्यान राहतो. या सामूस लोह जवळजवळ अविद्राव्य होते आणि बायकार्बोनेटमुळे वनस्पतीच्या अंतर्गत लोहाच्या वापरातही अडथळा येतो. परिणामी कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही ते पिकास मिळत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. स्फुरदही चुन्याशी संयोग पावून अडकून पडते.

द्राक्षवेलीच्या बाबतीत या प्रश्नाला जागतिक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीमुळे फ्रान्समधील द्राक्षबागा नष्ट झाल्या. किडीस प्रतिकारक अशा अमेरिकन खुंटांवर कलमे करण्यात आली, परंतु चुनायुक्त जमिनीत ते खुंट पिवळे पडू लागले. म्हणून १८८७ मध्ये पिएर व्हियाला यांना अमेरिकेत पाठविण्यात आले. टेक्सासच्या चुनखडकाळ टेकड्यांवर वाढणाऱ्या वन्य वेलींत त्यांना उपाय सापडला. महाराष्ट्रात क्षार व पाणीटंचाई सहन करण्यासाठी वापरला जाणारा ‘डॉगरिज’ हा खुंटही टेक्सासमधीलच वन्य वेलीपासून आलेला आहे. नारायणगाव परिसरातील द्राक्षबागांचा विचार करताना हा संदर्भ महत्त्वाचा ठरतो.

चुन्याच्या अवक्षेपणाचा आणखी एक परिणाम संभवतो. द्रावणातील कॅल्शियम कमी झाल्याने सोडियमचे सापेक्ष प्रमाण वाढते, चिकणमातीचे कण विखुरतात व जमीन चोपण होऊ लागते. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या धरणांमुळे बागायत क्षेत्र विस्तारले. मात्र निचरा नसलेल्या भारी जमिनीत अतिसिंचन केल्यास ही प्रक्रिया वेग घेते.

परीक्षणातील त्रुटी व सपाटीकरणाचा धोका :
फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटकांची नोंद होते. त्यांत सामू व लोह आहेत. मुक्त चुना मात्र नाही. शिवाय नमुना वरच्या सुमारे १५ ते २० सें.मी. थरातून घेतला जातो. चुनखडीचा थर त्याखाली असल्यास अहवाल निर्दोष येतो आणि दोन-तीन वर्षांनी फळझाडाची मुळे त्या थरास भिडल्यावर बाग पिवळी पडते. तोपर्यंत लागवडीचा बराचसा खर्च होऊन गेलेला असतो.

यंत्राने केलेल्या सपाटीकरणामुळे हा धोका वाढतो. उंचवट्यावरील वरची माती खोलगट भागात ढकलली जाते आणि चुनखडी उघडी पडते. एका दिवसात झालेला हा फेरबदल निसर्गतः भरून येण्यास हजारो वर्षे लागतील.

असा चुना गंधक घालून नाहीसा करता येईल, ही अपेक्षा गणिताच्या कसोटीस उतरत नाही. एका हेक्टरच्या १५ सें.मी. थरातील मातीचे वजन सुमारे २० लाख किलो धरल्यास १० टक्के चुना म्हणजे २ लाख किलो होय. १०० भाग चुन्यास ३२ भाग गंधक या हिशेबाने त्याच्या उदासिनीकरणास ६४ हजार किलो गंधक लागेल. चोपण जमिनीत मात्र गंधकाचे मर्यादित प्रमाणही उपयुक्त ठरते, कारण ते मातीतील चुन्यापासूनच जिप्सम तयार करते. तेथे उद्देश चुना संपविण्याचा नसून कॅल्शियम मोकळे करण्याचा असतो.

निष्कर्ष :
१) जुन्नर-आंबेगावच्या माळजमिनींतील चुना हा प्रामुख्याने हवामानाने घडविलेला आहे. त्यामुळे तो सर्वत्र सारखा नाही. लगतच्या दोन शेतांतही त्याची खोली व प्रमाण भिन्न असू शकते.

२) फळबागेपूर्वी एक मीटर खोलीचा खड्डा घेऊन प्रत्येक थराची सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने तपासणी करावी. फेस आल्यास प्रयोगशाळेत मुक्त चुन्याचे प्रमाण काढावे. ते १० टक्क्यांहून अधिक असल्यास चुन्यास संवेदनशील फळझाडे टाळणे हितावह ठरते.

३) शेणखत व हिरवळीच्या खतांचा वापर, स्फुरदाची मुळांजवळ पेरणी, लोहाची फवारणी आणि योग्य खुंटाची निवड हे व्यवहार्य मार्ग आहेत.

४) अतिउथळ माळ गवत व चराईसाठीच राखणे हा मागासलेपणा नसून जमिनीच्या क्षमतेचा तो योग्य वापर होय.

आम्लाची चाचणी अल्प खर्चाची असून महाविद्यालयातील रसायनशास्त्र, भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांना ती संयुक्तपणे हाती घेता येण्यासारखी आहे. गावनिहाय अशा नोंदी जमा झाल्यास आरोग्य पत्रिकेतील एक महत्त्वाचा रकाना स्थानिक पातळीवर भरून निघेल आणि बाग लावण्यापूर्वीच शेतकऱ्यास आपल्या जमिनीचा अंतर्भाग ज्ञात होईल.