गुडघ्याखालचा एक ठोका

डॉक्टर पेशंटला पाय लोंबते सोडून टेबलाच्या कडेला बसवतात, गुडघ्याची वाटी बोटांनी चाचपतात आणि तिच्या जरा खाली रबरी हातोडीचा हलका ठोका देतात. पाय आपोआप पुढे उडतो. जर्मनीतल्या एर्ब आणि वेस्टफाल या दोन डॉक्टरांनी 1875 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या झटक्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज स्कॅनची यंत्रं आली तरी ही तपासणी मागे पडलेली नाही, कारण त्या एका ठोक्यात पायाच्या नसेपासून मेंदूपर्यंतची वाट तपासून होते.

हातोडी पडते ती वाटीखालच्या चिवट पट्ट्यावर. मांडीचा पुढचा स्नायू वाटीमार्फत याच पट्ट्याने नडगीला जोडलेला असतो. पट्टा दबला की तो स्नायू क्षणभर ताणला जातो. त्याच्या धाग्यांमध्ये ताण ओळखणारी अतिसूक्ष्म इंद्रियं असतात. ती लगेच संदेश सोडतात. हा संदेश वाहणारे तंतू शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी आहेत. त्यांच्याभोवती मायेलिनचं स्निग्ध वेष्टण असतं आणि त्यात ठरावीक अंतरावर फटी असतात. संदेश फटीवरून फटीवर उड्या घेत कमरेकडे जातो.

पाठीच्या कण्यात, मेरुरज्जूच्या मागच्या बाजूने, तो आत शिरतो. पुढच्या बाजूला प्रेरक चेतापेशी असतात आणि या तंतूची शाखा थेट त्यांच्यापर्यंत पोहोचते. मध्ये दुसरी चेतापेशी नाही. प्रेरक पेशी मांडीच्या स्नायूला आखडायला सांगते. त्याच वेळी दुसरी शाखा मधल्या एका पेशीमार्फत मांडीमागच्या स्नायूला सैल ठेवते, नाहीतर दोन स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत बसले असते. ही जोडव्यवस्था उलगडणारे इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन यांना 1932 साली नोबेल पारितोषिक मिळालं. ठोक्यापासून झटक्यापर्यंत सेकंदाचा अगदी लहानसा अंश जातो. मेंदूला बातमी मागाहून कळते.

प्रतिक्षिप्त क्रियेची शाळेत शिकलेली गोष्ट बहुधा इथेच संपते. मला मात्र खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते असं वाटतं, कारण मेंदू या झटक्यात भाग घेत नसला तरी त्याचा लगाम सतत हातात धरून असतो. मोठ्या मेंदूत, साधारण एका कानापासून माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत, हालचालींचा पट्टा आहे. तिथून निघालेले बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात आणि मेरुरज्जूत उतरतात. मेंदूच्या देठातूनही तंतू खाली येतात. मेरुरज्जूने किती जोरात प्रतिसाद द्यायचा हे ही सगळी मंडळी मिळून आवरून धरतात.

म्हणूनच डाव्या मेंदूत पक्षाघाताचा झटका आला, तर उजवा पाय आधी लुळा पडतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्याच दुबळ्या पायाचा झटका नेहमीपेक्षा जोरदार होतो. आवरणारा हात सुटलेला असतो. जुन्या मधुमेहात याच्या उलट घडतं: पायाच्या नसाच झिजतात, संदेश वर पोहोचत नाही आणि प्रतिसाद मंदावतो, बहुधा आधी घोट्याचा, मग गुडघ्याचा. लहान मेंदू बिघडला असेल तर पाय उडतो, पण लवकर थांबत नाही, पुढे-मागे झुलत राहतो. डोक्याच्या मागच्या या लहानशा भागात मेंदूतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त चेतापेशी दाटलेल्या आहेत. हालचालीला नेमकेपणा आणि तोल देणं हे त्यांचं मोठं काम.

काही धडधाकट माणसांचा पाय मुळीच हलत नाही. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. अशा वेळी डॉक्टर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात आणि त्याच क्षणी ठोका देतात. हंगेरीच्या येंद्राशिक यांची ही युक्ती 1885 सालची. हातांनी जोर लावला की पायाचा प्रतिसाद वाढतो. डॉक्टर दोन्ही गुडघे तपासतात तेही उगाच नाही: झटका मंद की जोरदार यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक पुष्कळदा जास्त बोलका असतो.