कापसाच्या मुलखातील गोधडी

ज्या मुलखात कापूस पिकतो त्या मुलखाला वस्त्राची ददात नसावी, असे दूरच्या माणसास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वऱ्हाडाचा अनुभव तसा नाही. दारव्हा तहसिलीच्या काळ्या जमिनीतून निघालेला कापूस जिनात सरकीपासून वेगळा होऊन, गाठी बांधून, अरुंद रुळांच्या आगगाडीने मूर्तिजापुरास जाई, तेथून मुंबईस आणि मुंबईहून जहाजाने मँचेस्टरच्या गिरण्यांस. आणि ज्या बायांनी तो वेचला त्यांच्या वाट्यास जे एखादे लुगडे बाजारातून येई, ते विरेपर्यंत नेसले जाई व विरल्यावरही टाकले जात नसे. त्याची गोधडी होई. या गोधडीचा, आणि पालटत्या काळात तिच्या शिवणीने घरोघरच्या स्त्रियांस दिलेल्या स्वास्थ्याचा, मागोवा घ्यावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

पालट म्हणावा तर या भागाने तो उदंड पाहिला आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभारात आले, १९०२ मध्ये कायम इजाऱ्याचा करार झाला, पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले, आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती मुंबईस गेली, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. कचेरीतील शिक्के, दस्तऐवजांवरील मथळे आणि साहेबांच्या बदल्यांचे हुकूम यांचा हा सारा फेरफार, घरातल्या बाईस कोणी न विचारता, तिच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचत असे. १९५६ च्याच डिसेंबरात गाडगेबाबा गेले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेणगावी जन्मलेल्या या पुरुषास लोक गोधडे महाराज म्हणत, कारण चिंध्यांचे वस्त्र त्यांनी जन्मभर अंगावर वागवले. फाटक्या कापडास वऱ्हाडात जी प्रतिष्ठा आहे, तिच्यात या माणसाचा वाटा मोठा आहे अशी माझी श्रद्धा आहे.

गोधडी शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. शेते रिकामी, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही असे ऊन, पापड-कुरडयांची घाई आटोपलेली. अशा वेळी आमच्या घरी सारवलेल्या ओसरीवर अस्तराचे लुगडे पसरले जाई आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे हाती लागेल ते वजन ठेवले जाई. त्यावर उसवलेली धोतरे, सदऱ्यांचे पाठीकडचे भाग (पुढचे भाग सहसा आधीच फाटलेले असत), लेकरांची झबली, असे थर लावून, प्रत्येक थराची सुरकुती तळव्याने मोडून, शेवटी वरचे लुगडे घातले की लांब लांब कच्चे टाके पडत. मग कडेपासून धावदोऱ्याच्या ओळी. शिवणारी बाई त्या कापडावरच बसे आणि ओळ पुढे गेली तशी सरकत जाई. खरे कसब टाक्याच्या लांबीत नसून दोऱ्याच्या ताणात असते: दोरा ओढला गेला तर सबंध गोधडी आक्रसते, सैल राहिला तर पहिल्याच धुण्यात आतली कापडे गोळा होतात. नवख्या पोरीच्या हातात सुई देऊन आजी सांगे, ‘‘दोरा ओढू नको वं माय, बसू दे त्याले आपल्या जागी.’’

गोधडीविषयी लिहिणारे बहुधा तिच्यातील तुकड्यांच्या आठवणींवर लिहितात. ते खोटे नाही. तथापि स्वास्थ्य जे लाभते ते आठवणींपेक्षा कृतीतून अधिक लाभते, असे माझे निरीक्षण आहे. हे काम कोणी तगाद्याने मागत नाही, त्याला मुदत नसते, चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले की ते जसेच्या तसे टाकून उठता येते आणि परतल्यावर सुई सोडल्या जागीच सापडते. ज्या स्त्रीच्या हाती पिकाचा भाव नाही, पावसाची वेळ नाही, सासर-माहेरचा निर्णय नाही, तिला पुढचा टाका कोठे घालावा हे ठरवण्याचा अधिकार येथे पूर्णपणे असतो. आणि हा अधिकार लहान असला तरी संपूर्ण आहे.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले, आणि जुनेरास नव्याइतके मोल आले. त्याच सुमारास, १९४२ मध्ये, सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांनी डांबलेल्या स्त्रियांनी कापडाच्या चौकोनी तुकड्यांवर भरतकाम करून, प्रत्येकी सहासष्ट तुकड्यांच्या, तीन गोधड्या सिद्ध केल्या. पलीकडच्या बराकीतील आपल्या माणसांस आपण जिवंत असल्याचा निरोप त्यांतून पोहोचावा, हाही त्यांचा हेतू होता. दारव्ह्याच्या ओसरीचे आणि त्या तुरुंगाचे साम्य मी ओढून आणू इच्छीत नाही. परंतु अनिश्चिततेत हात सुईकडे वळतो, हे दोन्हीकडे सारखेच.

१९७२ चे साल दुष्काळाचे, आणि कापूस एकाधिकार खरेदीच्या आरंभाचेही. पुढे घराघरांत नायलॉनची पातळे आणि टेरिकॉटचे सदरे आले. ही कापडे विरत नाहीत, घाम शोषत नाहीत, थरांतून निसटतात. त्यांच्या गोधड्या दिसायला झगझगीत झाल्या, पण उन्हाळ्यात अंगाखाली घेववेनात. गोधडीच्या इतिहासातील खरा खंड मला येथे दिसतो; राज्ये बदलली तेव्हा तो पडला नव्हता. १९९४ च्या एप्रिलात कापूस वाहणाऱ्या त्या अरुंद रुळांच्या गाडीचे, म्हणजे शकुंतलेचे, वाफेचे इंजिन, जे १९२१ साली मँचेस्टरलाच घडले होते, निवृत्त झाले. २००२ नंतर बीटी बियाणे आले, खर्च वाढला, कर्जे वाढली, आणि यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ऐकू येऊ लागले. कर्ता पुरुष गेलेल्या घरांत गोधडीने कर्ज फिटत नाही, सावकाराचा तगादा थांबत नाही. दिवस कार्य उरकून पाहुणे परतल्यावरची लांबच लांब दुपार मात्र कोणत्या तरी हातकामाने पार करावी लागते, आणि त्या दुपारी सुई हाती घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांच्याजवळ बसणाऱ्या शेजारणी बोलत नसत. दुसऱ्या टोकाकडून टाके घालीत.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा बचत गटांच्या स्त्रियांनी जागोजाग मुखपट्ट्या शिवल्या. घरोघर पेट्या उघडल्या गेल्या, तळाशी जपलेली सुती लुगडी बाहेर आली, आणि ज्या सुनांनी सासूस शिवताना केवळ पाहिले होते त्या प्रथमच तिच्यासमोर बसल्या. पांघरूण म्हणून आता गोधडीची निकड नाही. पानिपतची ब्लँकेटे आठवडी बाजारात मिळतात व धुण्यासही हलकी असतात. निकड सरल्यावरही जी शिवते ती आवडीने शिवते, म्हणून तिच्या टाक्यांत मला घाई दिसत नाही. हल्ली बाळाचे दुपटे सर्वांत आधी शिकवतात, कारण ते लहान असते आणि चूक उसवणे सोपे जाते. शिक्षणास पुण्याला गेलेल्या एका भाच्याने वसतिगृहात गोधडी नेली. पहिल्या हिवाळ्यातच त्याचा घरी फोन आला, की खोलीतल्या सोबत्यासही तशीच एक हवी आहे, आणि तो जुन्या सुती चादरी पाठवीत आहे.