लोखंड आणि काचतंतू यांचा सांधा

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती आधी लालबुंद तापवतो. तापलेली धाव फुगते, लाकडी चाकावर सहज बसते आणि पाणी पडताच आक्रसून चाकाला करकचून आवळते. विळ्याचे पाते मुठीत बसवणारा कारागीर वेगळी युक्ती करतो. तो मुठीच्या भोकात लाख वितळवतो आणि तापलेले पाते तिच्यात रुतवतो. एका ठिकाणी पकड येते ती आवळण्याने, दुसऱ्या ठिकाणी चिकटण्याने. दोन भिन्न स्वभावांचे पदार्थ एकत्र नांदवण्याचा हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोटारीच्या कारखान्यांत तो नव्या रूपात उभा राहिला. काचतंतूंच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, अंगाला लोखंडी हाडे कशी जोडायची?

चिकटवलेल्या सांध्यांची तपासणी हे माझे अनेक वर्षांचे काम. त्यानिमित्त अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहत असताना जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्या कार्यशाळांत माझे जाणे-येणे होते. तिथे जे पाहिले आणि मोजले, त्याच्या आधाराने या सांध्याचे शास्त्र मांडतो.

सुरुवात इतिहासापासून करू. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने शेवरोले कॉर्व्हेट ही दोन आसनी गाडी लोकांसमोर ठेवली. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे तिचे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या बनल्या आणि त्या सगळ्या पांढऱ्या होत्या. अंग फायबरग्लासचे असण्यामागे व्यवहार होता. पोलादी पत्रा दाबून आकार देणारे साचे फार महाग असतात आणि मोजक्या गाड्यांसाठी तो खर्च परवडत नाही. काचतंतूंची चटई साच्यात अंथरून पॉलिस्टर रेझिनने भिजवली की कमी भांडवलात हवा तो बाक मिळतो.

इंग्लंडमध्ये लोटस कंपनी एक पाऊल पुढे गेली. १९५७ च्या लंडन प्रदर्शनात आलेल्या तिच्या ‘एलीट’ला वेगळी चौकटच नव्हती. काचतंतूंचे कवच हाच गाडीचा सांगाडा होता. तरीही लोखंड पूर्णपणे टाळता आले नाही. इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन पेलण्यासाठी पुढच्या भागात पोलादी उपचौकट चिकटवावी लागली, तर दाराच्या बिजागऱ्यांसाठी पुढच्या काचेभोवती पोलादी कमान घालावी लागली. १९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रे या मॉडेलमध्ये प्रवाशांच्या जागेभोवती पोलादी सांगाडाच आला. त्याचे कारखान्यातले टोपणनाव ‘बर्डकेज’, म्हणजे पक्ष्याचा पिंजरा. त्या पिंजऱ्यावर फायबरग्लासचे भाग रिव्हेट मारून आणि चिकटवून बसवले जात. त्या एका वर्षात अशा २१,५१३ गाड्या बनल्या. आज जगभर ज्यांची पुनर्बांधणी चालते त्यांत या गाड्यांचा क्रमांक वरचा आहे.

फायबरग्लास गंजत नाही, म्हणून या गाड्यांना मरण नाही, असे अनेक हौशी लोक मानतात. हे अर्धेच खरे आहे. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून पाणी झिरपते, पिंजऱ्याच्या खांबांच्या पायथ्याशी साचते आणि लोखंड आतून खाते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यामुळे गंज चिकटवणीला आतून ढकलतो आणि सांधा पाचरीसारखा उकलतो. वरचा रंग मात्र आरशासारखा राहतो. पत्र्याच्या गाडीचा गंज रंग फोडून वर येतो आणि मालकाला सावध करतो. इथे दुखणे आत वाढते आणि कातडीवर काही दिसत नाही. मी पाहिलेल्या एका स्टिंग रेवर रंगाचा एक टवकाही उडालेला नव्हता. पण दार उघडून खालून हलके उचलले की बिजागरीचा खांब दारासह हलत होता.

गंज नसला तरी हा सांधा सुखाने नांदत नाही, कारण दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. पोलादाचा ताठरपणा, म्हणजे ताणाला न जुमानण्याचा गुण, सुमारे २०० गिगापास्कल असतो. आखूड तंतूंच्या चटईपासून बनवलेल्या साध्या फायबरग्लासचा तो ७-८ च्या आसपास असतो, म्हणजे सुमारे पंचविसाव्या हिश्श्याएवढा. शिवाय उन्हाने फायबरग्लास पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतो. एक मीटर लांबीची पट्टी थंडीतल्या पहाटेपासून उन्हात तापलेल्या दुपारपर्यंत चाळीस अंश तापली, तर पोलाद अर्धा मिलिमीटर वाढते आणि फायबरग्लास एक मिलिमीटर किंवा थोडा अधिक. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक रोज कुणीतरी सोसावा लागतो. सोसणारा तिसरा पदार्थ म्हणजे मधली चिकटवण. ती काचेसारखी कडक असेल तर तडकते. तिच्यात थोडी लवचिकता असेल तर दोघांमधले अंतर ती स्वतःवर घेते. म्हणून ‘सर्वांत मजबूत डिंक कोणता’ हा प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारायचे ते ‘किती हालचाल सोसायची आहे’ हे.

जोर कोणत्या दिशेने येतो यालाही तितकेच महत्त्व आहे. पाकिटावर चिकटवलेले तिकीट बोटाने सरकवून पाहा, ते हलणार नाही. त्याचा कोपरा नखाने उचला, सबंध तिकीट निघून येईल. पहिल्या वेळी जोर सगळ्या पृष्ठावर वाटला जातो, दुसऱ्या वेळी तो एका बारीक रेषेवर एकवटतो. चिकटवलेला सांधा सरकवणाऱ्या जोराला खंबीर असतो, सोलणाऱ्या जोरापुढे दुबळा. बिजागरीसाठी किंवा आसनपट्ट्याच्या बोल्टसाठी लोखंडी आधार बसवताना चतुर कारागीर त्याचा तळवा रुंद ठेवतो, कोपरे गोल करतो आणि कडा पातळ करत नेतो. जिथे सोलणारा जोर टळतच नाही तिथे तो आरपार बोल्ट आणि मागे मोठी पट्टी घालतो. आसनपट्टा नुसत्या चिकटवणीच्या भरवशावर कधीच सोडायचा नसतो. तिथे चूक झाली तर भरपाई माणसाच्या जिवाने होते.

यानंतर पृष्ठाची तयारी. सांधे निकामी होण्याची सर्वाधिक कारणे मला इथेच सापडली. क्रम असा : आधी द्रावकाने तेल आणि मेण पुसायचे, मग खरवडायचे, मग पुन्हा पुसायचे. हा क्रम उलटला की तेलाचा अंश ओरखड्यांत घासून बसतो आणि मग कशानेही निघत नाही. लोखंड चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचे आणि त्यावर नवा गंज धरण्याआधी, त्याच दिवशी, चिकटवायचे. फायबरग्लासवरचा रंग आणि साच्यातून आलेले मेण काढायचे, पण तंतू उघडे पडून तुटतील इतके खोल जायचे नाही. तयारी झाली की नाही हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे पाणी. स्वच्छ पृष्ठावर पाणी सलग पसरते, तेलकट पृष्ठावर त्याचे थेंब होतात. या परीक्षेनंतर पृष्ठ नीट वाळवावे लागते. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून नाकावर रुमाल पुरत नाही, खरा मास्क लागतो.

चिकटवण निवडताना जुन्या कारागिरांचा ओढा पॉलिस्टर रेझिनकडे असतो, कारण गाडीचे अंग त्याचेच आहे. पण पॉलिस्टर घट्ट होताना बरेच आक्रसते आणि लोखंडाला फारसे धरत नाही. फायबरग्लास फायबरग्लासला जोडायचा तर ते चालते. लोखंडाशी गाठ असेल तर थोडे लवचीक केलेले इपॉक्सी किंवा त्याच कामासाठी बनवलेली मिथॅक्रिलेट चिकटवण बरी. एक पथ्य लक्षात ठेवावे : घट्ट झालेल्या पॉलिस्टरवर इपॉक्सी बसते, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट बसत नाही. म्हणून एकदा इपॉक्सी वापरले की पुढची डागडुजीही त्यानेच करावी. आणखी एक गोष्ट क्लॅम्पची. तो इतका आवळू नये की सगळी चिकटवण कडेने बाहेर यावी. मध्ये पातळ पण सलग थर राहायला हवा. सोसण्याचे काम त्या थराचेच तर आहे.

इथे एक नैतिक पेच उभा राहतो. अमेरिकेत १९७४ मध्ये स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी गाडी कारखान्यातून निघाली तशी असण्याला मान देते. ही निष्ठा मला आदरणीय वाटते. इतिहास जपायचा तर त्यातल्या ओबडधोबड खुणाही जपायला हव्यात. पण मूळचा सांधाच उणा असेल तर? माझे मत असे की जे दिसते ते मूळचे ठेवावे : रिव्हेटांची जागा, कडेला ओघळलेल्या चिकटवणीची रेघ, पट्टीचा आकार. जे भार पेलते ते आजच्या ज्ञानाने करावे आणि काय बदलले ते लिहून गाडीसोबत ठेवावे. जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धारात नवा दगड कोणता हे पुढच्या अभ्यासकाला कळावे, अशी आपली अपेक्षा असते. गाडीला वेगळा न्याय कशाला?

आपल्या देशातही हा प्रश्न परका नाही. १९८० च्या दशकात बंगळुरूच्या सिपानी कंपनीची ‘डॉल्फिन’ ही छोटी गाडी इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून बनली होती आणि तिचेही अंग फायबरग्लासचे होते. उरल्यासुरल्या डॉल्फिन कुणी उभ्या करायला घेतल्या तर त्यालाही याच अर्ध्या मिलिमीटरशी हिशेब करावा लागेल.

पुनर्बांधणी केलेल्या गाडीची किंमत बहुधा रंगावर आणि चकाकीवर ठरते. सांधा कुणी पाहत नाही. तो झाकला गेल्यावर त्यात काय केले हे फक्त करणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून अशी गाडी घेताना रंगाची तारीफ नंतर करावी. आधी दार उघडावे, खालून अलगद उचलावे आणि खांब हलतो का ते पाहावे.