सावकाश सायकलची शर्यत
लेखमाला : देहभान – लेखांक सातवा

शाळेच्या स्नेहसंमेलनात एक उलटी शर्यत असायची. सायकल चालवायची, पण जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला. पाय टेकला की बाद. एरवी वाऱ्यासारखी सायकल हाणणारी पोरं त्यात पहिल्या दहा हातांत लटपटायची आणि एखादा शांत मुलगा हँडल जेमतेम हलवत बक्षीस घेऊन जायचा. वेगात तोल आपोआप सांभाळला जातो, सावकाश जाताना तो स्वतःला सांभाळावा लागतो. छीगोंग या चिनी व्यायामपद्धतीबद्दल मला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं या शर्यतीत आलं.

मागचे दोन लेखांक श्वासावर होते, आज तोलावर. निमित्त घरातलंच आहे. गेल्या पावसाळ्यात आमची आत्या शहरातल्या लष्करी छावणीचा गुरुवारचा बाजार करून आली. चिखल, हातगाड्या, जनावरांची गर्दी, हातात दोन पिशव्या, यातून ती धड घरी पोचली. आणि संध्याकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. सगळ्यांचा एकच प्रश्न, "अहो, एवढा बाजार करून आल्या आणि घरात कशा पडल्या?"

उत्तर सरळ आहे. तोल तीन ठिकाणच्या बातम्यांवर चालतो : डोळे, आतला कान, आणि तळव्यांतून व सांध्यांतून येणारी जाणीव. चालण्याच्या ओघात यातली एखादी बातमी उशिरा आली तरी भागतं, कारण चालणं म्हणजे दर पावलाला थोडं पुढे पडणं आणि पुढच्या पावलाने सावरणं. उंबरा ओलांडताना हा ओघ तुटतो. क्षणभर अख्खं शरीर एका पायावर उभं असतं, अंधारात डोळे निकामी, आणि मधुमेहाने तळवे बधिर झालेले असतील तर तीनपैकी दोन बातमीदार गैरहजर. रोज तीन किलोमीटर झपझप चालणाऱ्या माणसाचीही या एका क्षणाची तालीम झालेली नसते.

छीगोंग ही तालीम करून घेतं. आधी शब्दाचं पाहू. 'छी' म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, पण चिनी भाषेत त्याचा अर्थ वायू, वाफ, श्वास, प्राण असा पसरलेला आहे. त्याच्या जुन्या लिपिचिन्हात खाली तांदूळ आहे आणि वर वाफ. 'गोंग' म्हणजे बराच काळ चिकाटीने केलेली मेहनत. 'कुंग फू'मधला कुंग तोच. प्रकार जुना आहे. चीनच्या हूनान प्रांतात मावांगदुई इथे 1970च्या दशकात एक थडगं उघडलं. इसवीसनपूर्व 168मध्ये बंद झालेल्या त्या थडग्यात रेशमावर रंगवलेली 44 माणसं सापडली. कुणी हात ताणतंय, कुणी कमरेत वळतंय. पण आज जे नाव जगभर चालतं, ते दवाखान्यात रुळलं 1950च्या दशकात. ल्यू ग्वेजेन नावाच्या कार्यकर्त्याने या जुन्या साधना मंत्रतंत्रातून सोडवून आरोग्यधामात आणल्या. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी 1924मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत नेलं, त्याच जातीचं हे काम.

पुढे मात्र चीनमध्ये घोळ झाला. 1980च्या दशकात छीगोंगची लाट आली. दुरून छी सोडून रोग बरे करणारे, मैदानं भरवणारे गुरू निघाले. भलत्या साधनेने डोकं फिरल्याच्या घटना इतक्या झाल्या की 1994च्या अमेरिकी मनोविकार-सूचीत त्याची स्वतंत्र नोंद झाली. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो : हातातून ऊर्जा सोडतो म्हणणारा भेटला तर चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

दुसरी एक थाप आपल्या बाजूची आहे. 'हे सगळं आपल्याच बोधिधर्माने चीनला शिकवलं' असं वेरूळ-अजिंठ्याच्या सावलीत राहणाऱ्या आपल्याला ऐकायला गोड वाटतं. ज्या 'यीजिनजिंग' ग्रंथावर ही कथा उभी आहे तो 1624 साली रचला गेला असं अभ्यासक मानतात. बोधिधर्म या बौद्ध भिक्षूला तोवर हजार वर्षं उलटून गेली होती. खरी देवाणघेवाण याहून साधी आहे. सातव्या शतकातला चिनी वैद्य सुन सिमियाओ याच्या ग्रंथात अठरा हालचालींचा एक क्रम दिलेला आहे आणि त्याने तो भारतातली ब्राह्मणांची पद्धत म्हणून नोंदवला आहे. चिनी प्रवासी ह्युएनत्संग महाराष्ट्रात येऊन गेला ते हेच शतक. आपल्याकडून काही गेलं, एवढं म्हणता येतं. सगळं गेलं, असं नाही.

सुरुवात करायला सगळ्यांत सोपा संच 'बादुआनजिन'. दुआन म्हणजे तुकडे, जिन म्हणजे नक्षीचं रेशमी वस्त्र. किनखापाचे आठ तुकडे म्हणा ना! हिमरू कापडाच्या आमच्या शहरात हे नाव समजावून सांगायची गरज नाही. तुकडे आठ, पण धागा कुठे तुटत नाही. एक हालचाल संपते तिथेच दुसरी सुरू. पहिल्यात दोन्ही हात गुंफून डोक्यावर नेत आभाळ पेलायचं. दुसऱ्यात घोड्यावर बसल्यासारखी बैठक घेऊन डावी-उजवीकडे धनुष्य ओढायचं. (आमच्या छावणीत एकेकाळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेचं घोडदळ होतं, ही बैठक इथल्या मातीला नवी नसावी.) चौथ्यात पाय जागेवर ठेवून फक्त मान आणि खांदे मागे वळवायचे. आठव्यात टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं आणि अलगद खाली यायचं, सात वेळा. चिनी ओळ म्हणते, याने शंभर रोग जातात. शंभर जाणार नाहीत. पण पोटऱ्या आणि घोटे यांची तोल सावरण्याची ताकद यात नक्की कामाला लागते.

यातला खरा जीव मात्र हातांच्या नक्षीत नाही, तो वजन सरकवण्यात आहे. पाय खांद्याइतके दूर, गुडघे किंचित सैल. डाव्या पायात वजन ओता, जणू घागरीतून घागरीत पाणी. उजवा पाय रिकामा झाला की मगच तो उचला. पाऊल टेकलं म्हणजे वजन गेलं असं नाही. आधी टेकायचं, मग ओतायचं. छावणीत लहानपणी कवायती पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे फार जड गेलं. कवायत म्हणजे टाच आपटणं, छाती ताठ. इथे चिनी गुरू एकच शब्द घोकतात, 'सोंग'. आपलं सोंग नव्हे. त्याचा अर्थ सैल. ढिलं नव्हे, सैल. पालखीच्या भोयाचा खांदा असतो तसं, भार घेतलेलं पण आखडलेलं नाही.

याला पुरावा काय? बादुआनजिनवरचं संशोधन अजून तोकडं आहे, त्याचा सख्खा भाऊ ताई ची याच्यावरचं भक्कम. अमेरिकेत ओरेगॉनला सत्तरीपुढच्या 670 जणांवर झालेला अभ्यास 2018मध्ये प्रसिद्ध झाला. पडण्याचा धोका असलेली ही माणसं होती. आठवड्यातून दोनदा, तासभर, 24 आठवडे. नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचं पडणं 58 टक्क्यांनी कमी झालं. रक्तदाब, झोप, सांधेदुखी यांवरही फायदे सांगितले जातात, पण तिथे मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. आणि गोळ्या बंद करायला तर कुणीच सांगू नये.

काही पथ्यं. हाडं ठिसूळ असतील तर आठव्या तुकड्यात टाच आपटू नका. सहाव्यात कमरेतून वाकून पायांना हात लावायचे असतात. काचबिंदू असलेल्यांनी, मणक्याचा त्रास असलेल्यांनी किंवा उठता-बसता चक्कर येणाऱ्यांनी तो सोडून द्यावा, सातच करावेत. खुबा किंवा गुडघा बदललेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जागा सपाट हवी. शहरातल्या खाम नदीच्या काठी लोखंडी पुलाजवळ सकाळी जाऊन करायचा मोह होईल, मलाही होतो. पण पहिला महिना घरीच, ओट्यापाशी, अनवाणी. तळव्यांना फरशी कळू द्या.

आत्या आता वॉकर सोडून काठीवर आली आहे. फिजिओथेरपिस्टला विचारूनच आम्ही वजन सरकवायचं सुरू केलं. खुर्चीची पाठ धरून, रोज दहा मिनिटं. सुरुवातीला तिला हा पोरखेळ वाटला. "हे काय, उभ्या उभ्या झुलायचं!" म्हणाली. उंबऱ्याला आम्ही एक कठडा बसवला, दिवा बदलला. ही दोन कामं कुठल्याही छीगोंगच्या आधीची आहेत, तुमच्या घरी राहिली असतील तर याच आठवड्यात करून घ्या.

आणि एक करून पाहा. भिंतीपाशी उभे राहा, हाताला लागेल असा आधार असू द्या, जवळ घरातलं कुणी असू द्या, मग एक पाय उचला. दहा आकडे सावकाश मोजा. 2022मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 51 ते 75 वयाच्या 1,702 जणांना हेच करायला सांगितलं होतं, पाचांतल्या एकाला जमलं नाही. तुमचा आकडा कितीवर थांबला ते लिहून ठेवा. पुढच्या लेखांकात धनुष्याची बैठक घेऊ, तेव्हा पुन्हा मोजायचा आहे.