थंडी नेहमी दहा दिवसांवर

२०१९ची दिवाळी महाराष्ट्राने पावसात काढली. कापून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब फुटत होते, द्राक्षबागांत पाणी साचलं होतं आणि अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ घोंगावत होतं. त्याच दिवसांत सुमारे ७,००० किलोमीटरवर, ब्रिटनमध्ये, हवामानाचा नाद असलेली मंडळी त्यांच्या दरवर्षीच्या वादात गुंतली होती: यंदाचा हिवाळा कसा जाईल? बर्फ पडेल का? आपल्या भिजलेल्या शिवाराचा त्यांच्या बर्फाशी काही संबंध असेल, असं सहज मनात येणार नाही. पण तो होता.

ब्रिटनमधला हवामानाचा छंद जुना आणि मुरलेला आहे. मध्य इंग्लंडच्या मासिक तापमानाची नोंद १६५९पासून सलग उपलब्ध आहे. उपकरणांनी मोजलेल्या तापमानाची जगातली ही सर्वांत लांब मालिका. गॉर्डन मॅन्ली या हवामानतज्ज्ञाने जुन्या दैनंदिन्या आणि वह्या धुंडाळून ती जुळवली. आजचे हौशी निरीक्षक त्याच परंपरेतले. परसात पर्जन्यमापक, भिंतीवर तापमापक आणि पडद्यावर संगणकीय मॉडेलांचे नकाशे. अमेरिकी मॉडेल दिवसातून चार वेळा पुढच्या १६ दिवसांचं चित्र काढतं, त्यात युरोपीय केंद्राची मॉडेलं भर घालतात. प्रत्येक नव्या नकाशासोबत वाद नव्याने पेटतो. ‘बाराव्या दिवशी ग्रीनलंडवर उच्च दाब दिसतोय, म्हणजे उत्तरेचे वारे येणार,’ असं एक जण म्हणतो. ‘गेल्या आठवड्यातही बाराव्या दिवशीच दिसत होता,’ असं दुसरा सुनावतो.

या वादामागे खरी ओढ आहे. चहूबाजूंनी समुद्र आणि अटलांटिकवरून येणारे दमट, उबदार वारे यांमुळे इंग्लंडच्या सखल भागात बर्फ क्वचितच साठून राहतो. आपण पहिल्या पावसाची वाट पाहतो, तशी ही मंडळी बर्फाची पाहतात. मग ओढीचा परिणाम नजरेवर होतो. दहा नकाशांतला थंडी दाखवणारा एकच लक्षात राहतो. हिवाळा उबदार निघाला, की थंडी रोज दहा दिवसांवर दिसते आणि दहा दिवस उलटले तरी दहा दिवसांवरच राहते.

याचं कारण वातावरणाच्या स्वभावातच आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं, की सुरुवातीच्या स्थितीतला अगदी बारीक फरकही पुढे फुगत जातो आणि भविष्याचं चित्र पार बदलून टाकतो. अमुक दिवशी अमुक गावी काय होईल, हे सांगण्याची मर्यादा त्यामुळे साधारण दोन आठवड्यांपाशी येऊन थांबते. त्या सीमेजवळचे नकाशे म्हणजे अनेक शक्यतांपैकी एक. म्हणूनच आता एकाच वेळी पन्नासेक अंदाज काढतात. प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी ठेवतात आणि किती अंदाज कुठल्या बाजूला झुकतात ते मोजतात.

मग तीन महिन्यांचा अंदाज कशाच्या जोरावर सांगतात? १७ जुलैला दुपारी चार वाजता दादरला पाऊस असेल की नाही, हे जूनमध्ये कोणीही सांगू शकत नाही. तरीही जुलैत मुंबईकर छत्रीशिवाय बाहेर पडत नाही. दिवसाचा हिशेब लागत नसला, तरी ऋतूचा कल सावकाश बदलणाऱ्या गोष्टी ठरवतात आणि त्यांत सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे समुद्र. पाणी तापायला आणि निवायला वेळ घेतं, त्यामुळे ऑक्टोबरातल्या समुद्राची छाप जानेवारीतल्या वाऱ्यांवर उमटू शकते.

युरोपच्या हिवाळ्याचा कल अटलांटिकवरच्या एका झोक्यावर ठरतो. आइसलँडजवळ हवेचा दाब कमी असतो, अझोर्स बेटांजवळ जास्त. हा फरक वाढला, की पश्चिमेचे वारे जोर धरतात आणि उत्तर युरोपात ऊब व पाऊस आणतात. फरक घटला, की वारे मंदावतात आणि पूर्वेची, उत्तरेची गोठवणारी हवा आत शिरते. या झोक्याला ‘उत्तर अटलांटिक दोलन’ हे नाव दिलं गिल्बर्ट वॉकर यांनी. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते आणि खात्याचं मुख्यालय तेव्हा शिमल्याला होतं. मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून जगभरच्या दाबाच्या, पावसाच्या नोंदी पडताळताना हा झोका त्यांच्या हाती लागला. पुढे ते मुख्यालय पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात. लंडनच्या बर्फावर वाद घालणारे ज्या निर्देशांकाचा रोज उल्लेख करतात, त्याचा जन्म असा आपल्या पावसाच्या शोधातून झाला.

झोक्याला वरूनही धक्का बसू शकतो. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर, स्थितांबरात म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, थंड हवेचा प्रचंड भोवरा फिरत असतो. कधी कधी खालून वर चढणाऱ्या लाटा त्याला खिळखिळा करतात आणि तिथलं तापमान काही दिवसांत कित्येक अंशांनी उसळतं. ही घटना प्रथम टिपली रिचर्ड शेरहाग यांनी, १९५२ मध्ये बर्लिनला. फेब्रुवारी २०१८ मध्ये भोवरा असाच फुटला आणि दोन आठवड्यांत ब्रिटन सैबेरियातून आलेल्या हिमलाटेखाली गेलं. साहजिकच, जानेवारी २०१९च्या सुरुवातीला भोवरा पुन्हा फुटला तेव्हा बर्फप्रेमींच्या आशा शिगेला पोहोचल्या. पण या वेळी महिनाअखेरीस शिकागोत पारा उणे ३० अंशांवर उतरला, आणि लंडनच्या क्यू उद्यानात २६ फेब्रुवारीला चक्क २१.२ अंश नोंदले गेले. भोवरा फुटला म्हणजे फासे एका बाजूला जड झाले, एवढंच. दान कोणत्या देशात पडेल, हे त्यातून ठरत नाही.

या पार्श्वभूमीवर २०१९-२०चा हिवाळा आला. प्रमुख हवामान केंद्रांची मॉडेलं हिवाळ्याआधीच बऱ्याच ठामपणे सांगत होती: पश्चिमेचे वारे जोरात, युरोप उबदार. झालंही तसंच. युरोपच्या नोंदींतला तो तोवरचा सर्वांत उबदार हिवाळा ठरला. १९८१ ते २०१०च्या सरासरीहून ३.४ अंश अधिक. मॉस्कोत नववर्षाच्या सजावटीसाठी कृत्रिम बर्फ ट्रकांनी आणावा लागला. फ्रान्समधल्या पिरेनीज पर्वतात स्कीच्या उतारांवर हेलिकॉप्टरने बर्फ टाकला गेला. जर्मनीत वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांपासून एक खास वाइन बनवतात. तिच्यासाठी उणे ७ अंशांची थंडी लागते. त्या हंगामात जर्मनीतल्या तेराही द्राक्षप्रदेशांत तेवढी थंडी पडली नाही आणि ती वाइन झालीच नाही. ब्रिटनला बर्फाऐवजी वादळं मिळाली: सियारा, डेनिस, होर्हे. तिथला तो नोंदींतला सर्वाधिक पावसाचा फेब्रुवारी. ध्रुवीय भोवरा इतका घट्ट आणि थंड राहिला, की वसंतात आर्क्टिकवरच्या ओझोनमध्येही विक्रमी घट झाली.

आता दिवाळीतल्या पावसाकडे परत येऊ. २०१९च्या शरदात हिंद महासागराचा आफ्रिकेकडचा भाग नेहमीपेक्षा तापला होता आणि सुमात्राकडचा निवला होता. या स्थितीला हिंद महासागरी द्विध्रुव म्हणतात. त्याची ओळख १९९९ मध्ये एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता यांनी करून दिली. यांतले गोस्वामी पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले. २०१९चा द्विध्रुव गेल्या काही दशकांतल्या सर्वांत प्रबळ द्विध्रुवांपैकी होता. १ सप्टेंबरला सुरू होणं अपेक्षित असलेला मान्सूनचा परतीचा प्रवास ९ ऑक्टोबरला सुरू झाला; नोंदींतला हा सर्वांत मोठा उशीर. पूर्व आफ्रिकेत पूर आले, ऑस्ट्रेलियात रानं पेटली.

पश्चिम हिंद महासागरावर असा मुसळधार पाऊस पडतो, तेव्हा ढग बनताना प्रचंड उष्णता वातावरणात मोकळी होते. तळ्यात दगड टाकल्यावर तरंग उठावेत, तशा महाकाय लाटा तिथून उठतात आणि पॅसिफिक ओलांडून अटलांटिकपर्यंत जातात. ध्रुवीय भोवऱ्याला हादरे देणाऱ्या लाटा त्या वर्षी क्षीण पडल्या, भोवरा बळावला आणि पश्चिमेचे वारे उधळले. ब्रिटनच्या हवामान खात्यातल्या संशोधकांनी २०२०मध्ये मॉडेलांवर प्रयोग करून दाखवलं, की त्या हिवाळ्याचा अंदाज बरोबर येण्यामागे हिंद महासागराचा मोठा वाटा होता. सोयाबीनला कोंब फोडणारा समुद्र बर्फाळ प्रदेशांतला बर्फही अडवून बसला होता.

तरी या यशावरून दीर्घ मुदतीचा अंदाज म्हणजे अचूक भाकीत, असं मानणं चुकीचं ठरेल. ब्रिटिश हवामान खात्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अटलांटिकच्या झोक्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा सहसंबंध साधारण ०.६ आला. पूर्ण मेळ म्हणजे १, काहीच मेळ नाही म्हणजे शून्य. म्हणजे अंदाज बहुतेकदा दिशा ओळखतो, कधी कधी साफ चुकतोही. त्याच खात्याने २००९ मध्ये ‘बार्बेक्यू’ उन्हाळ्याची शक्यता जास्त असल्याचं सांगितलं होतं. लोकांनी ‘बार्बेक्यू’ लक्षात ठेवलं, ‘शक्यता’ विसरले. जुलै पावसात गेला, टीकेची झोड उठली आणि २०१० मध्ये खात्याने जनतेसाठीचे ऋतूचे अंदाज थांबवले. नियोजन करणाऱ्या यंत्रणांसाठी मात्र तीन महिन्यांचा आढावा सुरू राहिला, कारण रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला मीठ किती साठवायचं, गॅस किती लागेल, हे ठरवणाऱ्यांना ६० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक मोलाचा असतो.

एकाच हिवाळ्यावरून असा अंदाज पारखता येत नाही. ७० टक्के उबदार म्हणणारा अंदाज दहापैकी तीनदा चुकलाच पाहिजे. कधीच चुकला नाही, तर टक्केवारी चुकीची. हौशी मंडळींचं खरं बळ इथे आहे. पिढ्यान् पिढ्या वही राखण्याची शिस्त त्यांच्याकडे आहे. नोव्हेंबरात प्रत्येकाने आपला अंदाज टक्क्यांत लिहावा, मार्चमध्ये त्यापुढे प्रत्यक्ष काय घडलं ते मांडावं आणि असं दहा-पंधरा वर्षं करावं. मनातली बर्फाची ओढ आणि आकाशाचा कल तिथे आपोआप वेगळे होतील.

आपल्यालाही ही वही हवी आहे. ‘यंदा पाऊस सरासरीइतका’ असं वाचून आपण निश्चिंत होतो किंवा अंदाज फसला म्हणून खात्यावर चिडतो. त्यासोबत दिलेल्या टक्केवारीकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. १८८६ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून भारताच्या मान्सूनचा पहिला अधिकृत अंदाज बांधला. २०१९ मध्ये मान्सूनच्या समुद्रावरून युरोपातल्या बर्फाचा अंदाज लागला. एवढ्या लांबचे धागे जुळायला १३३ वर्षं लागली आणि ते जुळले कोणीतरी रोजच्या रोज पारा वाचून वहीत लिहीत राहिल्यामुळे.